हाऊ कोणना नंबर शे?

परवा कापसाच्या वहीच्या शेवटच्या पानावर मी एक आकडा लिहून ठेवला: १७६६३१९०४९. आजीने चष्मा सावरत पाहिला नि विचारलं, "हाऊ कोणना नंबर शे रे?"

तिचं काय चुकलं? मोजून दहा अंक. पण आपल्याकडे मोबाइल नंबर एकने सुरू होत नाही, तेव्हा हा कोणाचाच नाही. असलाच तर भास्कराचार्यांचा.

एखाद्या संख्येचा वर्ग करा, त्याला ६० ने गुणा, वर एक मिळवा. आलेलं उत्तरही पूर्ण वर्ग हवं. ४ घेतले की भागतं: ९६१, म्हणजे ३१ चा वर्ग. ६२ ने गुणायचं असेल तर ८ पुरतात. ३९६९ हा ६३ चा वर्ग. मधला ६१ मात्र पक्का आडमुठा. शून्य सोडलं तर त्याला कमीत कमी २२,६१,५३,९८० लागतात! बावीस कोटींच्या वर. आणि मग जो वर्ग येतो, तो माझ्या वहीतल्या आकड्याचा. 'बीजगणित' या ग्रंथात भास्कराचार्यांनी चक्रवाल पद्धतीने, म्हणजे तीच रीत फिरून फिरून लावत, हे काढून दाखवलं. फ्रान्समध्ये फर्मा या गणितज्ञाने १६५७ साली हाच ६१ चा प्रश्न आव्हान म्हणून टाकला, तोवर उत्तर पाचशे वर्षं जुनं झालं होतं.

आमच्या चाळीसगावहून पाटणादेवी जवळच. शके ११२८ च्या तिथल्या शिलालेखात भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवायला नातू चांगदेवाने मठ काढल्याची नोंद आहे. मला त्यातल्या जुन्या मराठी ओळी जास्त आवडतात: दर घाण्यामागे मठाला पळीभर तेल. चक्रवाल शिकायचं तरी दिव्यात तेल हवंच की.

उत्तर तपासायला मोबाइल काढला. वर्ग एकोणीस अंकी. कॅल्क्युलेटरने शेपटाकडचे अंक गिळून टाकले. आणि माझं सगळं भांडण तर शेवटच्या एकासाठी! मग आजोबांचा नवाचा ताळा लावला: अंकांची बेरीज करायची, त्यातून नऊ-नऊ काढून टाकायचे, उरेल ते दोन्हीकडे जुळायला हवं. बावीस कोटीवाल्याच्या अंकांची बेरीज ३६, म्हणजे शून्य. दुसऱ्याची ४६, चार नि सहा दहा, म्हणजे एक. शून्याला एकसष्टने गुणून एक मिळवला तरी एकच. जुळला.

पण ताळ्यावर माझा पुरता भरवसा नाही. एकदा ८१ किलोचे १८ लिहिले गेले. अंकांची बेरीज तीच, ताळा बिनबोभाट जुळला, नि ६३ किलो कापूस वहीतून उडाला. आजोबा आठवडाभर माझ्याशी बोलले नव्हते.

म्हणून ओट्यावर बसून हातानेच गुणाकार केला. दोन पानं गेली, हातचे तीनदा चुकले. अंधार पडता पडता आलं: ३११९८८२९८२८६०२६४४०१. दुसऱ्या बाजूचं, ६१ ने गुणलेल्याचं, शेवटी ४००.

आजी चहा घेऊन आली. वहीकडे बघत म्हणाली, "मंग, लागना का फोन?"