भिंतीतला कप्पा

ईस्टर रविवार, रात्री

मुंबईत मेल्यावरही माणसाला जागा भाड्यानेच मिळते. आमच्याकडे, कॅथलिकांत, कबर दीड-दोन वर्षांपुरती. मग ती उघडायची, हाडं काढायची आणि जागा पुढच्याला द्यायची. बाबांचा नंबर नेमका उपवासकाळात लागला. कबर खणणाऱ्या मामांनी पांढऱ्या कापडावर एकेक हाड माती झटकून ठेवलं. नडगीला स्टीलची पट्टी होती, बाबा लोकलमधून पडले होते तेव्हा बसवलेली. ती काढू का, असं मामांनी विचारलंही नाही. हाडांबरोबर तीही बांधली. सगळं मिळून चर्चच्या भिंतीतल्या निशमध्ये मावलं. चपलांच्या खोक्याहून थोडा मोठा कप्पा, बस्स.

शेजारचे काका भेटायला आले तेव्हा गीतेतला श्लोक म्हणाले. जुनी वस्त्रं टाकावीत तसा आत्मा देह टाकतो. त्यांच्या मायेने बरं वाटलं. पण खरं सांगायचं तर आमची श्रद्धा हे वस्त्र टाकायलाच तयार नाही. दर रविवारी चर्चमध्ये आम्ही श्रद्धेची कबुली म्हणतो ती मेलेल्यांच्या पुनरुत्थानाबद्दल, नुसत्या आत्म्याच्या अमरत्वाबद्दल नाही. आणि ते पचायला फार जड आहे, विशेषतः हाडं डोळ्यांनी पाहून आल्यावर. बायबलमधल्या करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांनाही ते जड गेलं होतं. मेलेले कोणत्या शरीराने उठतात, या प्रश्नावर प्रेषित पौलाने पत्रात त्यांना बियाण्याचं उदाहरण दिलं. पेरतो ते मरतं आणि उगवतं ते वेगळं दिसतं, तरी त्याच बियाण्याचं असतं.

काल रात्री ईस्टरच्या जागरणाच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, मी मुद्दाम पुढे उभा राहिलो. चर्चमधले दिवे बंद, अंगणात शेकोटी. फादरांनी पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या मोठ्या मेणबत्तीवर क्रूस कोरला, वर आल्फा, खाली ओमेगा ही ग्रीकमधली पहिली आणि शेवटची अक्षरं, मधे चालू सालाचे चार आकडे. मग धूपाचे पाच दाणे एकेक करून क्रूसात रोवले. हे पाच दाणे म्हणजे ख्रिस्ताच्या पाच जखमा. लहानपणापासून पाहतोय, पण यंदा तिथेच अडकलो. उत्सव विजयाचा, मेणबत्ती उठलेल्या ख्रिस्ताची, आणि त्यावर जखमा कशाला? योहान शुभवर्तमानात सांगतो, तो उठलाय यावर विश्वास न बसलेल्या थोमा या शिष्याला येशूने हातांतले व्रण दाखवले, कुशीत हात घाल म्हणाला. लूकच्या शुभवर्तमानात तर तो शिष्यांसमोर भाजलेला मासा खातो. ज्याने मरण जिंकलं त्याला दोन-चार व्रण बुजवणं अवघड नव्हतं. त्याने ते ठेवले. म्हणजे जे सोसलं तेही त्याच्याबरोबर उठलं. तेव्हा मला ती स्टीलची पट्टी आठवली. स्वर्गात तिचं काय होईल मला ठाऊक नाही, पण पडल्यावरही लंगडत दुसऱ्या पाळीला जाणारे बाबा हेच बाबा होते. तो पाय वगळून कुणी निराळाच माणूस उठवला तर मला नको.

(जाता जाता एक तक्रार. चाळीस दिवस मटण सोडायला सगळं घर एकजुटीने उभं राहतं. ईस्टरचा काळ पेंटेकॉस्टपर्यंत, म्हणजे पवित्र आत्मा उतरल्याच्या सणापर्यंत, पन्नास दिवसांचा असतो, पण आनंद आजच दुपारी ताटातल्या तळलेल्या फुग्यांबरोबर संपला. उद्यापासून सगळे ऑफिसात.)

आता निशवरच्या लादीचा प्रश्न. भावाला त्यावर वचन हवंय, येशूने मेलेल्या लाजरसला उठवलं त्या गोष्टीतलं, पुनरुत्थान आणि जीवन मीच आहे ते. त्या भिंतीवर निम्म्या लाद्यांवर तेच आहे. आई म्हणते, नुसतं नाव घाल. ईस्टरच्या सकाळी येशूच्या रिकाम्या कबरेपाशी रडणाऱ्या मग्दालेच्या मरियाला तो आधी माळी वाटला. त्याने नावाने हाक मारली तेव्हा तिने ओळखलं. मला वाटलं आईच्या मनात हेच असणार. विचारलं, तर म्हणाली, कोरणारा अक्षरामागे पैसे घेतो, आणि खाली माझ्या नावाला जागा उरली पाहिजे.