छोट्या विमानाची ऑक्सिजन सिस्टीम: नुसतं 'भरून द्या' म्हणून भागत नाही

गोव्यात छोटं विमान बाळगणाऱ्याला ऑक्सिजन सिस्टीमची आठवण सहसा येत नाही. आमचं सर्वांत उंच शिखर सोसोगड, तेही जेमतेम ३,८०० फुटांचं. किनाऱ्याने मुंबई नाहीतर घाट ओलांडून बेळगाव-हुबळी करणाऱ्याला मास्क कशाला लागतोय? नियमाने १०,००० फुटांवर अर्ध्या तासाहून जास्त राहायचं असेल तर ऑक्सिजन हवा, आणि १३,००० च्या वर तर पूर्ण वेळ. म्हणून मोपा विमानतळावर उभ्या असलेल्या चार आसनी टर्बो विमानाचे मालक "इंजिनियरबाब, हिमालयाच्या बाजूला जायचंय, तेवढा ऑक्सिजन भरून द्या" म्हणाले, तेव्हाच मी मनात म्हटलं, हे 'तेवढा' वालं काम नाही.

सामानाच्या कप्प्यामागचं पॅनल उघडलं. गेजचा काटा शून्यावर आडवा. बाटलीत निदान ५० पीएसआय (दर चौरस इंचावर पौंडांत मोजलेला दाब) शिल्लक असावेच लागतात, कारण त्याखाली गेलं की बाहेरची हवा आत शिरू शकते. आणि आमची पावसाळ्यातली हवा म्हणजे काय ते गोंयकाराला सांगायला नको. २०,००० फुटांवर बाहेर उणे पंचवीसच्या आसपास तापमान असतं; तिथे हा ओलावा रेग्युलेटरमध्ये, म्हणजे बाटलीतला दाब कमी करणाऱ्या भागात, गोठला तर भरलेल्या बाटलीचाही उपयोग शून्य. बाटलीच्या गळ्यावरचे ठोकलेले आकडे टॉर्च लावून वाचले. ३एचटी, म्हणजे हलक्या वजनाची पोलादी बाटली. तिची दर ३ वर्षांनी हायड्रोस्टॅटिक टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) लागते आणि २४ वर्षांनी ती मोडीत काढावी लागते. आयुष्य बाकी होतं, टेस्टची तारीख मात्र केव्हाच उलटली होती.

मालकांचा चेहरा उतरला. "एकदा भरून जाऊ द्या, आल्यावर टेस्ट करू," असंही बोलून पाहिलं. मी नाही म्हटलं. १,८५० पीएसआयची बाटली पाठीमागे घेऊन बसायचं त्यांना होतं, पण सही माझी होती.

बाटली परराज्यातल्या मान्यताप्राप्त टेस्ट शॉपला गेली. तिथे पाणी भरून ३,०८३ पीएसआयपर्यंत, म्हणजे कामाच्या दाबाच्या पाच तृतीयांश, ताणतात आणि दाब सोडल्यावर ती किती फुगलेली राहते ते मोजतात. कागदपत्रं आणि वाहतूकवाल्यांचे नखरे सांगत बसत नाही. इथे तोवर पाइपांच्या उघड्या तोंडांना टोप्या लावून ठेवल्या होत्या. पेडण्याची तांबडी धूळ कुठे शिरेल याचा भरवसा नाही.

बाटली आली त्या दिवशी दोडामार्गचा आमचा हेल्पर नेहमीप्रमाणे खोबरेल चोपडून, भांग पाडून हजर. "अरे, आज डोकं धुऊन ये," म्हटलं तर त्याला वाटलं थट्टा करतोय. थट्टा नव्हती. दाबाखालच्या शुद्ध ऑक्सिजनला तेल-ग्रीस भेटलं की पेटायला वेगळी ठिणगी लागत नाही. इंजिनाच्या कामाचा ओव्हरऑल त्या दिवशी खुंटीवर. पाने-स्पॅनर वेगळ्या पेटीतले, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण सुकवलेले. जेवणात तळलेला बांगडा होता, म्हणून काम जेवणाआधीच उरकायचं ठरवलं. बोटांचा तो वास दोनदा साबण लावूनही जात नाही.

विमान हँगरच्या बाहेर काढलं. अर्थिंगची क्लिप लावली, बॅटरी सोडवली, इंधनाची गाडी आसपास नाही याची खात्री केली. निमुळत्या (टेपर) आट्यांवर ऑक्सिजनसाठी मान्य असलेली टेफ्लॉन टेपच, तीही पहिला आटा मोकळा सोडून. पाइपाचं तोंड पसरवून बसवलेल्या (फ्लेअर) जोडांना काहीही नाही.

पुरवठ्याच्या बाटल्या दोन होत्या. आधी कमी दाबाची जोडायची, मग जास्त दाबाची. उलट केलं तर चांगली बाटली फुकट संपते. गॅस श्वसनाचा, विमानासाठी प्रमाणित, ९९.५ टक्के शुद्धतेचा, सोबत सर्टिफिकेट. वेल्डिंगवाल्याकडची बाटली स्वस्तात मिळते हे मलाही माहीत आहे, पण तिच्या कोरडेपणाची हमी कोण देणार? आधी थोडा गॅस भरून सोडून दिला, असं काही वेळा केलं, म्हणजे आतला ओलावा निघून जातो.

मग खरं काम: व्हॉल्व्ह उघडणं. किती सावकाश? हात थांबलाय असं बघणाऱ्याला वाटेल इतका. झटक्यात उघडला तर गॅस नळीच्या बंद टोकाला जाऊन एकदम दाबला जातो आणि तिथलं तापमान शेकडो अंशांनी चढतं. व्हॉल्व्हमधली टेफ्लॉनची सीट (बैठक) त्यात पेटू शकते. हेल्परला बाटलीजवळ हात धरायला सांगितला. हळूहळू भरत होतो तरी ऊब लागत होती. या उबेमुळेच काटा तेव्हा जास्त दाखवतो आणि निवल्यावर खाली येतो, म्हणून किती भरायचं ते मॅन्युअलमधल्या तापमानाच्या तक्त्यावरून ठरवायचं.

जोडांवर ऑक्सिजनसाठीचंच गळती तपासायचं द्रावण लावलं. भांड्यांच्या साबणाचा फेस इथे चालत नाही, त्यात तेलाचा अंश असू शकतो. एका नटाखाली बारीक बुडबुडा आला, थांबला, परत आला. हेल्परने स्पॅनर उचललाच होता. मी त्याचा हात धरला. दाबाखाली असलेला जोड आवळायचा नसतो. दाब पूर्ण सोडला, आवळला, पुन्हा तेवढ्याच सावकाशीने भरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी काटा साधारण ४० पीएसआयने खाली. मालक बघायला आले होते, त्यांचा जीव वरखाली. आदल्या दुपारी थर्मामीटर ३२ अंशांवर होता, आता २५. सात अंशांच्या फरकाला दाब सव्वादोन टक्क्यांनी उतरतोच, गळती नव्हे. दुपारी उन्हं चढली तसा काटा जागेवर आला, तेव्हा लॉगबुकात सही केली.

मग मास्क जोडून फ्लोचा निर्देशक प्रत्येक आउटलेटवर पाहिला. जाता जाता मालकांना विचारलं, वर गेल्यावर ओठ कोरडे पडतात, तेव्हा काय लावता? त्यांनी खिशातून व्हॅसलीनची डबी काढली. ती मी ठेवून घेतली आणि औषधांच्या दुकानातून पाण्यावर आधारलेलं, पेट्रोलियम नसलेलं मलम आणायला सांगितलं.