हेल्थ इन्शुरन्स काढताना एका फोनसाठी अडकलेले तीन महिने (माझा अनुभव)

सगळ्यात आधी हे सांगते, तुम्ही कोकणात खेड्यात राहत असाल आणि स्वतःसाठी हेल्थ इन्शुरन्स काढायचा विचार असेल तर मार्च-एप्रिलमध्येच काढा, पावसाच्या तोंडावर सुरुवात करू नका. मी २०२५ च्या जूनमध्ये फॉर्म भरला आणि पॉलिसी हातात आली ऑक्टोबरात. अजून आठवलं की डोकं तापतं, म्हणून सगळं लिहून काढतेय, कोणाला तरी उपयोग होईल.

मी देवगड तालुक्यातली, वय ४४, घराला लागूनच काजू बी फोडायचं छोटं युनिट आहे. लग्न केलं नाही, घरी मी आणि आई. आई सत्तरीच्या पुढची म्हणून तिचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढून घेतलं, त्यात वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार होतात. मला महात्मा फुले योजना आहे, पण ती ठरावीक उपचारांना आणि योजनेत असलेल्या हॉस्पिटलांतच चालते, त्यामुळे स्वतःची वेगळी पॉलिसी हवी हे डोक्यात पक्कं होतं. फॅमिली फ्लोटरचा (सगळ्या कुटुंबाची मिळून एकच पॉलिसी) प्रश्नच नव्हता, एकटीची इंडिव्हिज्युअल पॉलिसी, १० लाखांची.

डोक्यात पक्कं झालं ते बाबांच्या वेळेला. २०२२ मध्ये बाबा खळ्यात पाय घसरून पडले, खुब्याचं हाड मोडलं, फोंडा घाटातून कोल्हापूरला नेलं. त्यांची ३ लाखांची जुनी पॉलिसी होती, त्यात खोलीभाडं विमा रकमेच्या १ टक्का, म्हणजे दिवसाला ३,००० रुपये. आम्ही घेतली ५,००० ची खोली, म्हटलं वरचे २,००० आपण भरू. तसं नसतं हो! खोली मर्यादेपेक्षा महाग घेतली की डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग हे सगळं त्याच प्रमाणात कापतात. आमच्या केसमध्ये ५ हजारातले ३ हजार म्हणजे ६० टक्केच धरले. औषधं आणि आत बसवलेला रॉड त्यात कापला नाही एवढंच. बिल भरायच्या खिडकीपाशी दादा आणि मी दोघं कॅल्क्युलेटर घेऊन उभे होतो, कोणी समजावून सांगायला तयार नाही. त्यामुळे मी पॉलिसी बघताना पहिला प्रश्न हाच विचारला, खोलीभाड्याला मर्यादा आहे का. नसलेली घेतली, प्रीमियम थोडा जास्त पडला तरी.

दुसरा प्रश्न झोनचा, आणि हा आपल्या कोकणातल्या लोकांनी विचारायलाच हवा. बऱ्याच कंपन्या राहत्या गावाप्रमाणे प्रीमियम लावतात, मुंबईवाल्यांना जास्त, आपल्याला कमी. ऐकायला बरं वाटतं. पण काही पॉलिसींत अशी अट असते की कमी झोनचा प्रीमियम भरून वरच्या झोनमध्ये उपचार घेतले तर बिलाचा काही भाग तुम्ही स्वतः भरायचा. मला जी पहिली पॉलिसी दाखवली तिच्यात तो २० टक्के होता. आता मला सांगा, देवगडात मोठं काही झालं तर माणूस जातो कुठे? गोव्याला बांबोळी, कोल्हापूर, नाहीतर मुंबई. माझा दादा डोंबिवलीला, मी त्याच्याकडेच जाणार. ४ लाखांचं बिल झालं तर त्यातले ८० हजार माझ्या अंगावर. ती पॉलिसी तिथेच सोडली आणि झोनची अट नसलेली शोधली.

आता मुख्य गोष्ट. मला दोन वर्षांपासून बीपीची एक गोळी चालू आहे. एजंट म्हणाला, ताई, बीपीचं लिहू नका, एक तर गोळी आहे, उगाच फाईल अडकेल. बिचारा चांगल्या मनाने सांगत असेल, पण मी ऐकलं नाही आणि तुम्हीही ऐकू नका. उद्या हार्टचं काही निघालं आणि हॉस्पिटलच्या केसपेपरवर डॉक्टरांनी लिहिलं की पेशंटला आधीपासून बीपी आहे, की माहिती लपवली म्हणून क्लेम नाकारतात. १ एप्रिल २०२४ पासून नियम असा आहे की आधीच्या आजारासाठी जास्तीत जास्त ३ वर्षं थांबायला लावता येतं, म्हणजे तोवर त्या आजाराचा क्लेम मिळत नाही, पूर्वी ४ होती. आणि सलग ५ वर्षं पॉलिसी चालू राहिली की फसवणूक सिद्ध केल्याशिवाय माहिती दिली नाही या कारणाने क्लेम नाकारता येत नाही. तीन वर्षं थांबायचं की आयुष्यभर धाकधूक ठेवायची, मी तीन वर्षं घेतली.

एजंट म्हणाला तसंच झालं, फाईल अडकली. पण बीपीमुळे नाही, फोनमुळे.

बीपी लिहिलं की कंपनीचा डॉक्टर फोनवर मुलाखत घेतो, त्याला ते टेलिमेडिकल म्हणतात. मेसेज आला की दोन दिवसांत कॉल येईल. आमची वाडी खाली व्हाळाच्या (ओढ्याच्या) अंगाला, घरात मोबाईलला रेंज नाही, रेंज पाहिजे तर सड्यावर (वरच्या कातळाच्या माळावर) चढायचं, वीस मिनिटांची वाट. एरवी घरात वायफायवर फोन लागतो पण जूनच्या पहिल्याच वाऱ्यात झाड पडून फायबरची वायर तुटली होती. मी हेल्पलाईनला सांगून ठेवलं की ११ ते १ मध्ये करा, मी त्या वेळेत वर जाऊन बसते. गेले. दीड वाजेपर्यंत छत्री धरून कातळावर बसले, फोन नाही. खाली आले आणि ३:४० ला कॉल येऊन गेला, हे दुसऱ्या दिवशी वर गेल्यावर मिस्ड कॉलच्या मेसेजवरून कळलं. दुसऱ्यांदा फोन आला तेव्हा मी वाटेत होते, नाव आणि जन्मतारीख सांगून होईपर्यंत कट. तिसऱ्यांदा तर नुसती घंटी वाजली, उचलेपर्यंत बंद. आई रोज पडवीत उभी राहून म्हणायची, गो, परत चल्लंस सड्यार? भिजतलंस! तिला काय सांगणार.

तीन प्रयत्न झाले की त्यांच्या सिस्टीममध्ये ग्राहकाशी संपर्क होत नाही असा शेरा पडतो आणि फाईल बंद. म्हणजे चूक माझी! परत फॉर्म, परत आधार, परत पॅन, परत बँकेचा कॅन्सल चेक. जुलैत दुसऱ्यांदा भरला आणि परत तोच प्रकार. हेल्पलाईनवर प्रत्येक वेळी नवीन माणूस, त्याला पहिल्यापासून सगळं सांगायचं, तो म्हणणार मॅडम, रिक्वेस्ट टाकलीय, ४८ तासांत कॉल येईल. मी म्हटलं वेळ ठरवून द्या, तर त्यांच्याकडे वेळ लिहायला जागाच नाही म्हणे. दुसरा नंबर देते, कणकवलीच्या मैत्रिणीचा, तर तो रजिस्टर्ड नाही. एका माणसाला तर मी विचारलं की अहो, जिथे रेंज नाही तिथल्या माणसांनी विमा काढायचाच नाही का, तर तो गप्प. त्याच दिवसांत शेजारच्या वाडीत एकजण लेप्टोने (पावसाळ्यातला ताप) ॲडमिट झाला, आणि मी रोज चिखलात वर-खाली करतेय, पॉलिसीचा पत्ता नाही. मला खरंच रडू यायचं राहिलं होतं. आणि पॉलिसी मिळाली तरी पहिले ३० दिवस अपघात सोडून कुठल्याच आजाराचा क्लेम मिळत नाही, म्हणजे पावसातल्या तापासाठी मेच्या आत सगळं उरकलेलं हवं. मार्च-एप्रिल म्हटलं ते यासाठी.

शेवटी दादाची बायको, आमची वहिनी, म्हणाली की हेल्पलाईन सोड, लेखी तक्रार कर. प्रत्येक कंपनीला तक्रार निवारण अधिकारी ठेवावाच लागतो, त्याचा ईमेल वेबसाईटवर असतो. मी मराठीतच लिहिलं, सहाही प्रयत्नांच्या तारखा आणि वेळा घातल्या, मिस्ड कॉलचे स्क्रीनशॉट जोडले, आणि खाली लिहिलं की दोन आठवड्यांत उत्तर नाही आलं तर विमा नियामकाच्या बीमा भरोसा पोर्टलवर जाईन. (फोनवर तक्रार करायची तर १५५२५५ आहे. आणि त्याच्याही पुढे विमा लोकपाल, तिथे तक्रारीला पैसे लागत नाहीत, आपला सिंधुदुर्ग जिल्हा पुण्याच्या ऑफिसखाली येतो.) चौथ्या दिवशी उत्तर. तारीख, वेळ, आणि दुसरा नंबरही चालेल म्हणे! जे अडीच महिने जमत नव्हतं ते एका ईमेलने जमलं. त्यामुळे तोंडी काही सांगत बसू नका, पहिल्या आठवड्यातच लिहा.

कणकवलीला मैत्रिणीकडे बसून पंचवीस मिनिटांत कॉल झाला. रक्ताची तपासणी आणि ईसीजी तिथेच झाला, त्यात सांगण्यासारखं काही नाही. सप्टेंबरच्या शेवटी पत्र आलं, बीपीसाठी १५ टक्के लोडिंग (म्हणजे जादा प्रीमियम), मान्य आहे का. मूळ प्रीमियम १५,२००, तो १७,४८० झाला. मान्य केलं. २२ सप्टेंबरपासून वैयक्तिक हेल्थ पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटी गेला होता, त्यामुळे ३,१०० च्या वर वाचले, जूनमध्ये घेतली असती तर भरावे लागले असते. पण त्यासाठी थांबणं परवडलं असं मी अजिबात म्हणणार नाही.

हो, हॉस्पिटलचं राहिलं. कंपनीच्या यादीत नाव आहे म्हणून निर्धास्त राहू नका, त्या हॉस्पिटलच्या इन्शुरन्स डेस्कला स्वतः फोन करा. यादीतल्या एका ठिकाणी मला सांगितलं की आमचं त्यांच्याशी आता टायअप नाही. यादीत नसलेल्या ठिकाणीही कॅशलेस (म्हणजे कंपनीच हॉस्पिटलला थेट पैसे देते) मागता येतं, जानेवारी २०२४ पासून तशी सोय आहे, पण ठरवून ॲडमिट होत असाल तर ४८ तास आधी कळवायचं आणि इमर्जन्सी असेल तर ॲडमिट झाल्यापासून ४८ तासांत. आणि आपल्याकडे गावातल्या डॉक्टरांचे चार-सहा खाटांचे दवाखाने असतात, त्यांची नोंदणी आहे का तेवढं विचारून ठेवा. नोंदणी नसेल तर लहान गावात किमान १० खाटा आणि बाकीच्या अटी पुऱ्या असल्या तरच पॉलिसी त्याला हॉस्पिटल मानते.

पॉलिसी आली त्या दिवशी मी सगळी पानं वाचली. सोबत ग्राहक माहिती पत्रक येतं, चार-पाच पानांत सगळ्या अटी, ते मराठीत मागता येतं, मी मागून घेतलं. आणि त्यामागे माझ्या फॉर्मची आणि त्या फोनवरच्या मुलाखतीची प्रत होती. त्यात बीपी किती वर्षांपासून या रकान्यात लिहिलं होतं, १० वर्षं. मी हिंदीत दो साल म्हटलेलं त्या डॉक्टरला दस ऐकू आलं असणार. वाचलं नसतं तर ते तसंच राहिलं असतं, आणि कधी क्लेमच्या वेळी माझे कागद २ म्हणतात आणि यांचे १० म्हणतात, कुठे भांडत बसायचं.

पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवस तपासायला असतात, पटली नाही तर परतही करता येते. मी परत केली नाही, दुरुस्ती मागितली. डॉक्टरांची २०२३ ची पहिली चिठ्ठी जोडली आणि ईमेल त्याच तक्रार अधिकाऱ्याला, हेल्पलाईनला नाही. नऊ दिवसांत दुरुस्त केलेलं पान आलं. कणकवलीत त्याच्या तीन प्रती काढल्या, एक आईच्या कार्डाबरोबर पेटीत, एक युनिटच्या कपाटात, आणि एक वहिनीकडे डोंबिवलीला पाठवली, कारण वेळ आली तर धावपळ तिलाच करायचीय.