बांद्राभानचं वाळवंट

नर्मदेच्या परिक्रमेत अमरकंटकहून परतताना मैया उजव्या हाताला असते. दक्षिण तटाने आम्ही तिघी होशंगाबादच्या (आताच्या नर्मदापुरमच्या) अलीकडे पोचलो तेव्हा पाय पार सुजले होते. तिथे बांद्राभानला तवा नदी नर्मदेला मिळते. दूरवर वाळूच वाळू. मी पाण्याशी बसले होते. नाव बांधणाऱ्या एका म्हाताऱ्याने 'नर्मदे हर' म्हटलं आणि समोर बोट दाखवून म्हणाला, "दवेजींना इथंच अग्नी दिला."

अनिल माधव दवे, केंद्रातले एकेकाळचे पर्यावरणमंत्री. नाव बातम्यांत वाचलेलं, तेवढंच. घरी आल्यावर मात्र मी त्यांच्याबद्दल मिळेल ते वाचत सुटले.

जन्म १९५६चा, उज्जैन जिल्ह्यातल्या बडनगरचा. संघाचे प्रचारक, लग्न केलं नाही. भोपाळमध्ये त्यांची ओळख होती ती भाजपच्या निवडणुकीची आखणी करणारा माणूस म्हणून. मध्य प्रदेशातल्या २००३च्या निवडणुकीत त्यांनी प्रचाराच्या कार्यालयाला नाव दिलं होतं 'जावळी'. हे वाचून मी थबकलेच! शिवाजी महाराजांच्या राज्यकारभारावर त्यांनी हिंदीत पुस्तकही लिहिलं आहे. २००९मध्ये ते राज्यसभेवर गेले.

पण मला ओढ लागली ती त्यांच्या नदीवेडाची. त्यांना विमान चालवता येत होतं. छोट्या सेसना विमानातून त्यांनी नर्मदेला आकाशातून परिक्रमा घातली. मग रबरी तराफ्यातून नदीच्या प्रवाहाबरोबर प्रवास केला. 'नर्मदा समग्र' ही संस्था काढली, भोपाळच्या घराला 'नदी का घर' म्हटलं, आणि २००८पासून याच बांद्राभानला नदी महोत्सव भरवायला सुरुवात केली. आम्ही चालून जे पायांनी शिकलो ते त्यांना वरून दिसलं असणार: नर्मदेला हिमालयाचं बर्फ नाही. पावसाळा सरला की तिला पाणी पुरवतं ते सातपुडा-विंध्याचं जंगल. मुळांनी धरून ठेवलेलं पाणी झिरपत झिरपत ओढ्यांना येतं आणि ओढे मैयाला. डोंगर उघडा पडला की ओढा मार्गशीर्षातच आटतो. असे आटलेले ओढे आम्ही किती ओलांडले, मोजले नाहीत.

जुलै २०१६मध्ये ते केंद्रात पर्यावरणमंत्री झाले. जेमतेम दहा महिने मिळाले. त्या काळात भारताने २ ऑक्टोबरला पॅरिस कराराला मान्यता दिली. त्याच महिन्यात किगालीला, फ्रिज आणि एसीत वापरल्या जाणाऱ्या, पृथ्वी तापवणाऱ्या वायूंवर करार झाला. तिथे भारताच्या शिष्टमंडळाचं नेतृत्व त्यांच्याकडे होतं. या वायूंच्या वापराची वाढ थांबवायला आपल्याला २०२८पर्यंत मुदत मिळाली. काहींना ती जास्त वाटली. मला ती रास्त वाटते, कारण आपल्याकडे कित्येक घरांत अजून पंखाही नीट फिरत नाही. मे २०१७मध्ये जनुकीय बदल केलेल्या मोहरीला त्यांच्याच मंत्रालयाच्या समितीने हिरवा कंदील दाखवला. आठवड्याभरातच, १८ मेला, दवे हृदयविकाराने गेले. वय साठ.

सगळंच मला पटतं असं नाही. याच नदीवरच्या धरणांनी किती गावं उठवली, ते काठाने चालताना घरोघरी ऐकलं. नदीवर इतकं प्रेम असलेल्या माणसाने सत्तेत बसून त्या लोकांसाठी आणखी मोठा आवाज काढायला हवा होता, असं मला मनापासून वाटतं.

त्यांचं इच्छापत्र मात्र मी कितीदा तरी वाचलं. २३ जुलै २०१२चं, म्हणजे मंत्री व्हायच्या चार वर्षं आधीचं. शक्य झालं तर बांद्राभानला अंत्यसंस्कार करा, फक्त वैदिक विधी, बाकी देखावा नको. माझ्या नावाने स्मारक, पुरस्कार, स्पर्धा, पुतळा काही नको. आठवण ठेवायचीच असेल तर झाडं लावा आणि ती जगवा, नद्या-तळी सांभाळा. तेही माझं नाव न घेता. डोंगर उघडा पडला की ओढा आटतो हे ज्याने पाहिलं, तो दुसरं काय मागणार?

त्या पावसाळ्यात आम्ही तिघींनी ओढ्याकाठी अर्जुनाची पाच रोपं लावली. दोन गुरांनी खाल्ली. तीन उरली आहेत, त्यातलं एक माझ्या खांद्याला लागतं. पाटी कुठेच नाही. चैत्र-वैशाखात आम्ही पाळीपाळीने कळशी घेऊन जातो.