दोन बसथांबे आणि मानशीची झडप

गोव्यातल्या आमच्या गावच्या वळणावर पन्नास पावलांच्या अंतरात दोन बसथांबे आहेत. एक चिऱ्यांचा, कौलारू, जुना असला तरी पावसात आजही कोरडा राहणारा. दुसरा चकचकीत पत्र्याचा, ज्याच्या दर्शनी भागावर लोकप्रतिनिधीच्या नावाची पाटी प्रवाशांच्या बाकापेक्षा मोठी आहे. तिथून दहा मिनिटे चालत गेले की खाजनाच्या, म्हणजे खाऱ्या पाण्यापासून बांध घालून राखलेल्या शेतजमिनीच्या, बांधावर मानस, म्हणजे पाण्याची ये-जा आवरणारे दार, लागते. भरतीचे पाणी चढले की तिच्या लाकडी झडपा पाण्याच्या दाबाने आपोआप मिटतात आणि ओहोटीला उघडून शेतातले पाणी नदीत सोडतात. त्यांतल्या एका झडपेच्या फळ्या खालून कुजल्या आहेत, त्यामुळे खारे पाणी आत शिरून लगतचे तीन कुणगे (शेताचे तुकडे) यंदा पडीक राहिले. ग्रामसभेत हा विषय दोनदा निघाला होता. बसथांब्याचा मात्र एकदाही नाही.

यात कुणी पैसे खाल्ले असे मला मुळीच म्हणायचे नाही. माझा आक्षेप लोकप्रतिनिधींच्या निधीतून काम ठरवण्याच्या पद्धतीवर आहे. खासदार स्थानिक क्षेत्र विकास योजना, म्हणजेच खासदार निधी, 23 डिसेंबर 1993 रोजी सुरू झाली. त्याच वर्षी, 24 एप्रिलला, पंचायतींना घटनात्मक दर्जा देणारी 73 वी घटनादुरुस्ती अमलात आली होती. म्हणजे गावाने आपली कामे आपण ठरवावीत असे एप्रिलमध्ये म्हणायचे आणि डिसेंबरमध्ये त्याच स्वरूपाची कामे सुचवण्याचा अधिकार खासदाराच्या हाती द्यायचा, असा तो प्रकार होता. सुरुवातीला प्रत्येक खासदारामागे पाच लाख रुपये असलेली या निधीची रक्कम 2011-12 पासून दरवर्षी पाच कोटी आहे. उत्तर गोवा मतदारसंघात विधानसभेचे 20 मतदारसंघ येतात, तेव्हा सारखी वाटणी केली तर प्रत्येकाच्या वाट्याला पंचवीस लाख येतात. एवढ्या पैशांत महामार्ग होत नाही, पण झडपा नक्कीच बदलता येतात.

कागदोपत्री खासदार फक्त शिफारस करतो आणि मंजुरी जिल्हा प्रशासन देते. प्रत्यक्षात ती शिफारस कुणाच्या सांगण्यावरून झाली, हे गावाला काम सुरू झाल्यावरच कळते. दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने 2007 मध्ये खासदार आणि आमदार निधीच्या या योजना बंदच कराव्यात असे सुचवले होते, कारण सरकारच्या खर्चावर लक्ष ठेवणाऱ्यानेच खर्च कुठे करायचा हे ठरवू नये. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 2010 मध्ये खासदार निधी वैध ठरवला. वैधतेचा प्रश्न तिथे मिटला, शहाणपणाचा मिटला नाही.

योजना बंद व्हावी असे मला वाटत नाही, कारण खात्याच्या अंदाजपत्रकात कधीच न बसणारी लहान कामे यातून होतात. मात्र शिफारस ग्रामसभेने प्राधान्यक्रमाने ठरवलेल्या यादीतूनच व्हावी, आणि यादीबाहेरचे काम घ्यायचे असेल तर त्याचे कारण लेखी देऊन ते पंचायतीच्या फलकावर लावावे. दुसरे, उभारलेल्या वस्तूची पुढची निगा कोण राखणार, हे मंजुरीपूर्वीच ठरलेले असावे. या योजनेचा सारा भर टिकाऊ मालमत्ता उभारण्यावर आहे, आणि देखभालीवाचून टिकाऊ असे काही गोव्याच्या पावसात मी तरी पाहिलेले नाही. आमदारांच्या शिफारशींनाही हेच लागू व्हावे.

यावर एक रास्त आक्षेप येतो, आणि तो मी स्वतःच घेतो: आमच्या ग्रामसभेला गणपूर्तीसाठी ताटकळावे लागते आणि शेवटी मोठ्या आवाजाचे चारजणच बोलतात. त्यांनी केलेली यादी गावाची कशी म्हणायची? पण आज माणसे येत नाहीत याचे एक कारण असेही आहे की तिथे झालेल्या ठरावाने काही हलत नाही. गेल्या रविवारी एका वयस्क शेतकऱ्याने मानशीचा विषय तिसऱ्यांदा काढला. सचिवांनी तो इतिवृत्तात लिहून घेतला आणि पुढचा विषय पुकारला: नव्या बसथांब्यासमोर पेव्हर बसवणे.