चाकणची शेड आणि २२ मिलिमीटर

स्टील इरेक्शनच्या, म्हणजे पोलादी सांगाडे उभारण्याच्या, धंद्यात उतरलो तेव्हा माझ्या कोटेशनमध्ये एकच आकडा असे, तो म्हणजे टनाचा भाव. अशाच भावावर मिळालेल्या एका कामावर पाया तयार नसल्यामुळे आमची क्रेन ११ दिवस नुसती उभी राहिली. भाडे माझ्या खिशातून गेले, आणि कोटेशनमध्ये त्याबद्दल एक ओळही लिहिलेली नसल्यामुळे मला काही मागता आले नाही.

पुढे चाकणजवळच्या १८० टनांच्या शेडची चौकशी आली, तेव्हा भाव कळवण्याआधी मी ड्रॉइंग घेऊन साइटवर गेलो. पायाचे काँक्रीट झालेले होते, म्हणून टोटल स्टेशन हे मोजणीचे यंत्र लावून प्रत्येक खांबाच्या अँकर बोल्टची, म्हणजे खांब धरून ठेवणाऱ्या पायातल्या बोल्टची, रेषा, अंतर आणि उंची तपासली. कोपऱ्यातल्या एका खांबाचे चारही बोल्ट २२ मिलिमीटर सरकलेले निघाले. खांबाच्या तळाशी असलेल्या बेस प्लेटच्या भोकांत हे बोल्ट बसतात, आणि त्या भोकांत एवढी ढिलाई नसते. ही चूक खांब उचलल्यावर कळली असती तर क्रेन ताटकळली असती आणि कोणीतरी गॅस कटरने भोके मोठी करण्याचा हट्ट धरला असता, जो मी कधीही मान्य करणार नाही. सारी मोजमापे कागदावर उतरवून मी तिथल्या इंजिनिअरसाहेबांना दिली. त्यांनी डिझायनरला विचारून ती बेस प्लेट फॅब्रिकेशन चालू असतानाच बदलून घेतली.

त्या कोटेशनमध्ये भावाइतकीच जागा मी कामाच्या पद्धतीला दिली. ब्रेसिंगचा, म्हणजे तिरप्या आधारांनी ताठ केलेला, गाळा आधी उभा करून ओळंब्यात आणायचा, त्याचे बोल्ट आवळायचे आणि मगच पुढच्या गाळ्याला हात घालायचा, हा क्रम लिहिला. स्टील उभारणीच्या सुरक्षिततेसाठी १९७४ पासून आय.एस. ७२०५ हे मानक आहे. त्याला धरून लाइफलाइन (हार्नेस अडकवायचा दोर) कुठे बांधणार आणि राफ्टरवर, म्हणजे छताच्या मुख्य तुळईवर, माणूस कसा चढणार, हे ड्रॉइंगवरच दाखवले. वर चढणारी मुले माझ्या भरवशावर चढतात, त्यामुळे हार्नेस आणि जाळीच्या खर्चात मी घासाघीस होऊ देत नाही.

क्रेनसाठी भरीव जमीन कोण करून देणार, आमच्या चुकीवाचून ती थांबल्यास दिवसाला किती आकारणार, आणि खांब-राफ्टर, पर्लिन (छताचे पत्रे ज्यांवर बसतात त्या आडव्या पट्ट्या) व शेवटचे अलाइनमेंट यांची बिले कोणत्या टप्प्यावर निघणार, हेही स्पष्ट केले. रिटेन्शनचे, म्हणजे बिलातून राखून ठेवलेले, ५ टक्के कधी सुटणार, याची तारीखही लिहून मागितली.

आमचा भाव सर्वांत कमी नव्हता. बोलणीत मी टनामागे थोडे खाली आलो, पण क्रेनच्या भाड्याची ओळ काढली नाही, आणि काम आम्हालाच मिळाले. त्याच आवारातल्या दुसऱ्या शेडच्या वेळी काँक्रीट ओतण्याआधीच बोल्ट जागेवर धरणारी टेम्प्लेट तपासायला आम्हाला बोलावणे आले.