नऊ सेकंद

विद्यार्थ्यांना घेऊन परदेशी अभ्यासदौऱ्यावर जाते म्हटलं की समोरचा हमखास म्हणतो, "मजा आहे तुमची." विभागातले सहकारी तर सरळ 'सहल' म्हणतात. त्याच सहलीला बरोबर यायला त्यातले दोघे दरवर्षी तयार असतात, तो भाग वेगळा.

चोवीस जणांचे शेंगेन व्हिसा म्हणजे ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालणारा पासपोर्ट, आणि कागदोकागदी नावाचं स्पेलिंग बदलणारा एक तरी मुलगा. तरी ते जमतं. जमत नाही ती कंपनी. नुसती भेट द्यायला कुणीही तयार होतं : सभागृह, स्लाइड, कॉफी, फोटो, कापडी पिशवी. स्वतःची खरी अडचण हातात देऊन दोन दिवस आवारात फिरू देणारी कंपनी शोधायला मला सात महिने लागले. नेदरलँड्समधली, फुलं निर्यात करणारी एक लहानशी कंपनी. अडचणही झकास : फुलांच्या ट्रॉल्या गिऱ्हाइकाकडे जातात, पण रिकाम्या वेळेवर परत येत नाहीत.

निघण्यापूर्वी मी हॉफस्टेड शिकवला होता. आयबीएमच्या कर्मचाऱ्यांच्या सर्वेक्षणांवरून या डच अभ्यासकाने देशांचे निर्देशांक काढले. त्यातला एक सत्ता-अंतराचा. (मधली रेघ विसरलात तर सत्तांतर होतं, दरवर्षी दोन उत्तरपत्रिकांत होतंच.) वरच्याचं वरचेपण खालच्याने किती मुकाट मान्य करायचं, त्याचं ते माप. भारत ७७, नेदरलँड्स ३८. पोरांना आकडे तोंडपाठ होते. मलाही होते.

तिसऱ्या दिवशी पहाटे आल्समीर गावातला फुलांचा लिलाव पाहिला. इमारत अशी अवाढव्य की वरच्या सज्जातून चालताना खालच्या ट्रॉल्यांच्या रांगा संपतच नाहीत. केनिया, इथिओपिया, इक्वेडोर, कुठकुठली फुलं. आपल्याला लिलाव म्हणजे चढत जाणारी बोली माहीत. इथे घड्याळावर किंमत वरून खाली उतरते आणि जो पहिल्यांदा बटण दाबेल त्याचा माल. लवकर दाबलं तर महाग पडतं, थांबलं तर दुसरा नेतो. एकेक सौदा काही सेकंदांत उरकतो. आता बरेचसे खरेदीदार आपापल्या ऑफिसातूनच बटण दाबतात, त्यामुळे पोरांच्या कल्पनेतला गलका काही दिसला नाही. निम्मी कंटाळली. एक मुलगी मात्र काचेला नाक लावून उभी होती. वर्गात मी तिचा आवाज फार तर दोनदा ऐकला असेल.

अकराला सादरीकरण होतं. आमचा बोलका गट, त्यातला सगळ्यात बोलका मुलगा. ट्रॉल्यांवर टॅग, ड्रायव्हरच्या फोनवर ॲप, रंगीत आलेख. तिसऱ्याच स्लाइडला कंपनीच्या मालकाने हात वर केला.

"ड्रायव्हर हे का करेल?"

मुलगा हसला आणि पुढची स्लाइड लावली.

"नाही, थांब. मला हे पटलेलं नाही. ड्रायव्हर का करेल?"

आवाजात राग नव्हता. हे असंच बोलतात, हेही मीच शिकवलं होतं. मुलगा गप्प. खोली गप्प. आणि मी बोलायला लागले. प्रोत्साहन रक्कम, वर्तनबदल, प्रायोगिक टप्पा... चांगली दोन मिनिटं. मालकाने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "हा प्रकल्प तुम्ही केलाय की त्यांनी?"

बाहेर आल्यावर बरोबरचे सहकारी म्हणाले, "छान सांभाळून घेतलंत." मलाही तसंच वाटत होतं.

रोज रात्री मुलांनी डायरीत तीन रकाने भरायचे असतात : काय दिसलं, मी त्याचा काय अर्थ लावला, मला त्याबद्दल काय वाटतं. बहुतेक जण पहिल्याच रकान्यात 'खूप काही शिकायला मिळालं' लिहून मोकळे होतात. दिसलेलं आणि वाटलेलं वेगळं काढणं भल्याभल्यांना जमत नाही. त्या मुलीच्या वहीतला पहिला रकाना असा होता : 'आदल्या दिवशी आवारात मी दोन ड्रायव्हरांशी बोलले. रिकाम्या ट्रॉल्या आणल्या की फाटकावर मोजणीसाठी थांबावं लागतं, म्हणून ते आणत नाहीत. हे स्लाइडमध्ये घेतलं नाही, कारण गटाला ते किरकोळ वाटलं. मालकांनी विचारलं तेव्हा मी वही उघडत होते. नवव्या सेकंदाला मॅडम बोलायला लागल्या.'

दुसरा रकाना : 'घड्याळ खाली येत होतं. मॅडमनी आधी दाबलं.'

तिसरा कोरा.

मी ते पान बऱ्याचदा वाचलंय. नऊ हा आकडा तिने मोजून लिहिला की अंदाजाने, हे विचारायचं धाडस झालेलं नाही. मला ती शांतता मिनिटभराची वाटली होती. तिला बोलायचंय हे मला दिसलं नाही, कारण मी तिच्याकडे पाहतच नव्हते. मी मालकाच्या चेहऱ्याकडे पाहत होते. ७७ आणि ३८ फळ्यावर लिहिणारी मीच.

ड्रायव्हरांची ती गोष्ट मी मालकाला ईमेलने कळवली, तिच्या नावासकट. उत्तर एका ओळीचं आलं : हे त्या दिवशी का नाही सांगितलं?

गुणांकनाचा तक्ता मीच बनवलाय. रकाना कोरा सोडला तर दोन गुण कापायचे. शुक्रवारपर्यंत गुण भरायचे आहेत.